मिठाचा हात

मी लग्नाचा आचारी. आर्वीच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाले जे गावं हायेत, त्यायच्यात कोणाचं लगन असो, बारसं असो, तेरवी असो, मांडवामागच्या भट्टीपाशी मी दिसन. अंगानं मी असा का दुरून लोक मलेच गंज समजतेत. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं भगोनं, पाचशे माणसाची कढी मावते. एक बार मी त्या गंजात पडलोतो. कढी निवली होती म्हणून वाचलो. चार जणायनं ओढून काढलं, पुसलं, आन् तेच कढी पंगतीत वाढली. नवरदेवाचा मामा म्हणे, आज कढीले चव येगळीच आली. मी म्हणलं, मामाजी, अंग झोकून देल्लं तं चव येते.

शाळेत मी दोन-चार दिस गेलो असन. मास्तरनं पाटी देल्ली, मी त्याच्यावर कणीक मळली. मापं मले येत नाई. मीठ किती टाकाचं ते हात सांगते. मूठ भरली, गंजावर धरली, हात म्हणे बस तं बस. मंग चाखाचं. आन् चाखाचं काम माह्या पोट्टीचं.

लहान होती तवापासून भट्टीजवळ विटेवर बसून राहे. मी पळी पुढं करो, ती फुंकून फुंकून चाखे, डोये मिटे, जशी कोर्टातली जज, आन् म्हणे, "बाबा, अजून एक मूठ." पोट्टीनं एक मूठ म्हणलं का एक मूठ. सारे आचारी माहावर हासत का अबे, तू रांधते का तुही पोट्टी? मी म्हणो, मी फक्त लाकडं लावतो.

तेरवीले मात्र चाखत नाई. गेलेल्या माणसाचा घास आगुदर निघते, मंग बाकीच्यायचं पान. आगुदर चाखलं तं ते उष्टं होते. म्हणून तेरवीचं मीठ नुस्तं हातावर. त्या दिवशी पोट्टी विटेवर उगीमुगी बसे आन् माह्या मुठीकडं पाहे.

दहा-अकराची होती तवा तिचा घसा धरला, ताप आला. मंग एक गुडघा सुजला. तो उतरला तं दुसरा. मंग कोपर. मी पंगतीत सांगत फिरो का माह्या पोट्टीच्या अंगात दुखणं खो-खो खेळून राह्यलं, एका गुडघ्याले खो देते आन् दुसऱ्याच्या मांगं जाऊन बसते. लोक हासत. पोट्टीबी हासे. आमच्या तिकडं सरकारी दवाखाना हाय. चांगला हाय, कुलूपबी मजबूत हाय. मंग तो फटफटीवर येणारा डाक्टर आला, त्यानं सुया टोचल्या, बायकोनं मोहाचं तेल चोळलं, आन् दुखणं गेलं. गुडघे बरे झाले म्हणून मी गावात जिलेबी वाटली. पाक कच्चा राह्यलता, लोकायच्या हाताले चिकटली.

पोट्टीचं लगन देवळीकडं करून देल्लं. जवाई ट्रॅक्टर चालवते, बोलाले कमी, पण माणूस सोन्यासारखा. त्याची माय, आमची इहीणबाई, बोलाले जास्त. पहिल्या दिवाळीले आमी गेलो तं साऱ्यायसमोर म्हणे, "तुमची पोट्टी डोक्यावर दोन गुंड पाणी आणते आन् तीन बार बसते. असं बसून बसून संसार होते का?"

मी म्हणलं, "इहीणबाई, बापावर गेली जी. मीबी बसूनच रांधतो."

सारे हासले. पोट्टी उंबऱ्यावर बसली होती, तीबी हासली. हासता हासता तिले खोकला आला आन् तो बराच येळ थांबला नाई. मी म्हणलं, जोक जमला.

मंग दिवस गेल्याची बातमी आली. आमच्या बायकोनं गावात घरोघरी सांगतलं, आन् मी डोहाळ्यासाठी शेव पाडली, चिवडा केला, लिंबाचं लोणचं घातलं. मोठ्या डब्यात भरून ठेवलं का डोहाळजेवणाले नेऊ. तवा पाचवा सरत आलता.

डबा तसाच होता आन् जवायाचा फोन आला. "बाबा, तिले वर्धेले आणलं. गावच्या आशाताईनं गाडी बोलावली. धाप थांबून नाई राह्यली. झोपूच शकत नाई."

मी जसा होतो तसा निंघालो. काय घ्यावं सुचलं नाई म्हणून डबा घेतला. आर्वीवरून एस्टीत उभा, डबा पोटावर. कंडक्टर म्हणे, "काका, डबा खाली ठेवा." मी म्हणलं, "ठेवतो जी, पण खाली पोट हाय."

वर्धेच्या दवाखान्यात पोट्टी खाटेवर बसली होती. नाकाले नळी, मांगं तीन उशा. मले पाहून म्हणे, "बाबा, शेव आणली का?" तवा मले वाटलं, काई नाई, ठीक हाय.

डाक्टरीणबाई आली. तरणीच होती, माह्या पोट्टीपेक्षा थोडी मोठी असन. मले बाजूले घेतलं आन् विचारलं, "लहानपणी घसा दुखून ताप आला होता का? मग सांधे सुजले? एक बरा झाला की दुसरा?"

मी खूश. म्हणलं, माहा खो-खो वर्धेपर्यंत पोचला! "हो जी!" म्हणून मी तिले सारं सांगतलं, हातवारे करून, गुडघ्यानं गुडघ्याले खो कसा देल्ला ते वाकून दाखवलं. बाजूच्या खाटेवरची बाई हासली. डाक्टरीणबाई नाई हासली.

"तेव्हाच कळायला हवं होतं, बाबा," ती म्हणे. "त्या तापानं हृदयाची झडप खराब होते. दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, बरीच वर्षं. एवढ्यानं बहुतेक थांबलं असतं. आता झडप फार अरुंद झालीय. पोटात बाळ असलं की अंगातलं रक्त वाढतं. ते त्या झडपेतून पुढं जात नाही, मागं फुफ्फुसात तुंबतं. म्हणून धाप."

एका सुईच्या भरवशावर होतं सारं. आन् ती सुई देणारं आमच्या तिकडं कोणी नव्हतं, द्याव लागते म्हणून कोणाले माईतबी नव्हतं. मी तठी वाकून उभाच होतो, खो देल्ल्यासारखा.

मले झडप नाई समजली, पण तुंबणं समजलं. बुंदी पाडाचा झारा असते, त्याचे भोकं बुजले का बेसन खाली पडत नाई. वरून ओतत राह्यलं तं झाऱ्यातच साचते, मंग काठावरून सांडते. पण झारा तं मोकळा करता येते, खराट्याची काडी घालून. मी विचारलं, "बाई, ते भोक मोकळं कराले काई काडी-गिडी असते का जी?"

ती माह्याकडं नीट पाहाले लागली. "असते. फुगा असतो. मांडीच्या शिरेतून नेऊन झडपेत फुगवतात. त्यासाठी नागपूरला पाठवते." मंग तिची नजर डब्यावर गेली. "यात काय आहे?"

"शेव जी. चिवडा. लोणचं. पोट्टीसाठी."

तिनं आपल्या हातानं झाकण दाबलं. "मीठ बंद. पूर्ण बंद. मिठानं अंगात पाणी साठतं. पाणीसुद्धा मोजून द्यायचं."

मी जिंदगीभर मीठ टाकत आलेला माणूस. डबा घेऊन बाहेर आलो. पडवीत एक म्हातारा बसला होता, त्याले म्हणलं, आजा, घ्या, शेव खा. आजानं पोटभर खाल्ली. जरा वेळानं नर्सबाई कडकडत आली, "कोणी देल्ली याले शेव? यालेबी हार्टचाच त्रास हाय!" म्हणजे एक पेशंट पाहाले गेलो आन् दुसरा खराब करून आलो. जवाई त्या दिवशी पहिल्यांदा हासला. मंग भिंतीकडं तोंड करून रडला.

नागपूरले नेलं. तठी मोठ्या डाक्टरनं छातीवर यंत्र फिरवलं, मंग नळी गिळाले लावली. पोट्टीनं गिळली. बाहेर येऊन डाक्टरनं आमाले समजावलं का झडप चुन्यावानी कडक झाली, आन् आत रक्ताची गाठ बसून हाय. फुगा घातला तं गाठ सुटन आन् डोक्यात जाईन. छाती उघडून करता येते, पण मंग पोटातलं बहुतेक नाई राहाचं, आन् माय राहीन याचीबी गॅरंटी नाई. पोट खाली कराची येळ निंघून गेलती, तेबी आता तेवढंच धोक्याचं.

मी म्हणलं, "मंग काय करावं जी?"

"औषधं चालू ठेवा. गाठ विरघळते का पाहू. आराम द्या. वाट पाहा."

वाट पाहाले नागपूरले काऊन याव लागते, वाट तं आमी आर्वीच्या स्टँडवरबी पाह्यतो. हे मी मनात म्हणलं. येताना पोट्टी गाडीत बसून झोपली, माह्या खांद्यावर डोकं टेकून. तिची छाती वर-खाली होऊन राह्यली होती, जसं भात्याले कोणी सोडतच नाई.

आता दुसरा घोर उभा राह्यला. पहिलं बाळंतपण माहेरी असते, हे आमच्याकडं दगडावरची रेघ. इहीणबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणे, "सातव्यात तुमी घेऊन जा. माह्या घरी काई कमी-जास्त झालं तं लोक म्हणतीन सासूनं पाह्यलं नाई. आन् तुमाले म्हणतीन, गावोगाव पंगती वाढते, लेकीले वाढाले जीव नाई झाला."

हे दुसरं मले बराबर लागलं. पण डाक्टरीणबाईनं मले पुन्हा पुन्हा सांगतलं होतं, "आर्वीच्या पलीकडं नेलंत तर ती रस्त्यातच जाईल. दवाखान्याच्या जवळ ठेवा."

मी म्हणलं, "इहीणबाई, माहेर म्हणजे काय? माय आन् बाप. आमी दोघं चालतं-फिरतं माहेर हावो जी. वर्धेतच येऊन बसतो."

"आन् उंबरा?" ती म्हणे. "माहेरले उंबरा लागते का नाई?"

याच्यावर मी जोक शोधून राह्यलो होतो, पण बोलली आमची बायको. ती कधी बोलत नाई. म्हणे, "आणतो."

दवाखान्याच्या मांगं एक खोली पाह्यली, पत्र्याची, एक खिडकी. बायको गावाले गेली आन् आली तं डोक्यावर ट्रंक, आन् हातात गाडगं. गाडग्यात आमच्या घराच्या उंबऱ्यापुढची माती. तिनं ती खोलीच्या दारात पसरवली, पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाह्यलं. मंग दवाखान्यातून पोट्टीले आणलं, भाकरतुकडा ओवाळला, आन् पोट्टीनं त्या मातीवर पाय ठेवला. इहीणबाई पाहून राह्यली होती. म्हणे, "झालं बापा माहेर." आन् तिनं डोयाले पदर लावला. मी तवापासून त्या बाईवर राग धरला नाई. तीबी भ्यालेलीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाईनं झाडताना ती माती झाडून टाकली. बायकोनं गाडग्यातून पुन्हा टाकली. असं रोज चाले. एक दिस मालकीण म्हणे, "वो बाई, हे काय रोज सांडवता?" बायको म्हणे, "माहेर हाय ते. नका झाडू." त्याच्यानंतर मालकीण बाजूनं झाडे.

घरात मीठ ठेवलंच नाई. पोट्टीनं अळणी खावं आन् आमी पलीकडं बसून मिठाचं, हे काई मले जमे ना. म्हणून मीबी अळणी खाल्लं, बायकोनंबी. आचारी मी! वांग्याची भाजी, मीठ नाई. वरण, मीठ नाई. पहिल्या दिवशी भाकर तोंडात फिरवून फिरवून थकलो, म्हणलं, हे गिळाचं का याच्यानं भिंत लिंपाची?

पोट्टी हासे. "बाबा, आता समजलं नं, लोक तुह्या हाताचं नाई, मिठाचं खाते."

"खरं हाय माय," मी म्हणो, "मी आपला उगाच मधात उभा राह्यतो."

लग्नसराई चालू होती. मी वर्धेच्या आसपास कामं धरली म्हणजे रोज खोलीवर वापस येता येईन. आन् तठी माही फजिती झाली. महिनाभर अळणी खाऊन जीभ अशी झाली का एक चिमूट मीठ तिले मूठभर वाटे. देवळी रोडवर एक लगन होतं. मी भाजी चाखली, मले वाटलं खारट झाली, म्हणून पाणी ओतलं, आलू टाकले. पहिली पंगत बसली आन् एका टोकावरून आवाज आला, "आचारी, मीठ!" मंग दुसऱ्या टोकावरून. मंग सारी पंगत, "आचारी, मीठ! मीठ!" जसा काई नेता आला आन् त्याच्या नावानं नारे देऊन राह्यले. वाढपी मिठाच्या थाळ्या घेऊन धावले. नवरीचा बाप माह्याजवळ आला, माह्या हातात एक मिठाचा पुडा देल्ला आन् चालला गेला.

माहा साथीदार, जो माह्यासोबत भट्टी सांभाळते, तो म्हणे, "काऊन बे, मीठ संपलं का जीभ संपली?"

"दोन्ही," मी म्हणलं.

त्याले सारं माईत होतं. तरी त्यानं ते गोष्ट साऱ्या आचाऱ्यायत पसरवली. तवापासून मी कोठीबी गेलो का लोक जेवाच्या आगुदरच ओरडत, "आचारी, मीठ!" मी खोलीवर येऊन पोट्टीले नकला करून दाखवो, नवरीच्या बापाची, वाढप्यायची, माही सोताची. तिले हासाले मना होतं, हासली का धाप लागे. ती तोंडावर हात ठेवून हासे. बायको मले बोले, "मारता का तिले?" मंग मी चूप बसो. मले दुसरं काई येतच नव्हतं. हासवता येत नाई तं तिच्यापाशी बसून करावं काय?

ती आडवी होऊच शके ना. गादीची वळकटी, तिच्यावर गव्हाचं पोतं, त्याले टेकून बसल्या बसल्या डोये मिटे. म्हणे, "आडवी झाली का विहिरीत बुडाल्यावानी वाटते, बाबा." पायावर सूज. बोट दाबलं का खड्डा पडे आन् तसाच राहे. मी एक दिस दाबलं आन् म्हणलं, "पाह्य, आपल्या गावच्या रोडावानी हाय."

ती नाई हासली. म्हणे, "बाबा, मले कढी पायजे. मिठाची."

"बाळंत झाली का करतो."

"पक्कं?"

"पक्कं. गंजभर करतो. मीच पडतो त्याच्यात."

"नको पडजो," ती म्हणे, "आता तुले काढाले चार जण नाई मिळाचे."

आठवा लागला आन् एका सकाळी तिचे ओठ निळे पडले. जवायानं तिले उचललं, दवाखाना जवळच होता, पयत नेलं. हे खरं, का आमी आर्वीच्या पलीकडं असतो तं त्याच सकाळी सारं संपलं असतं. माहेर इकडं आणलं ते बराबर केलं, असं डाक्टरीणबाईबी म्हणे. बराबर करूनबी काय होते ते आमाले पुढं समजलं.

दुपारी पोट्टी झाली. एवढीशी, माह्या पळीत मावन. तिले काचेच्या पेटीत ठेवलं. आन् माय वाचली! माय बोलून राह्यली होती! मी पेढे आणले. नर्सबाईले देल्ले, झाडूवाल्याले देल्ले, त्या शेववाल्या आजाले शोधलं, तो भेटला नाई. इहीणबाईनं माह्या तोंडात पेढा कोंबला. डाक्टरीणबाईले द्याले गेलो तं तिनं घेतला, पण खाल्ला नाई, हातातच धरला.

"बाबा, अजून आनंद करू नका. आताचे दिवस जास्त धोक्याचे."

"सुटका झाली नं जी?"

"बाळाकडं जाणारं रक्त आता सगळं परत तिच्या अंगात आलंय. सगळं एकदम त्या झडपेवर येतं."

हे मले समजलं. पंगत उठते आन् सारे एकदम हात धुवाले एकाच नळावर येते, तसं. पण नळ तं एवढासा. मी उरलेले पेढे खिशात ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी कढी केली. खोलीवर, लहान भगोन्यात. ताक ताजं आणलं, लसूण, कढीपत्ता, मेथीदाणे. मीठ नाई, कारण मीठ बंदच होतं. डब्यात घेऊन गेलो. पोट्टी बसूनच होती, नळ्याच नळ्या. दोन चमचे खाल्ली. डोये मिटले, तशीच, जजसारखी.

"बाबा," ती म्हणे, "अजून एक मूठ."

"डाक्टरीणबाई नाई म्हणते अजून, माय. जरा थांब."

"तू तं पक्कं म्हणला होता."

"करतो नं. घरी गेल्यावर करतो."

तिनं डबा परत देल्ला. मंग विचारलं का बारीक पोट्टी कोणावर गेली. मी म्हणलं, "माह्यावर. पोट पुढं, बुद्धी मांगं." ती हासली, तोंडावर हात ठेवून. बायकोनं मले डोये दाखवले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीवर भांडे घासून राह्यलो होतो. जवाई दारात आला. आत नाई आला, त्या मातीवर उभा राह्यला. मी त्याच्याकडं पाह्यलं आन् भगोनं खाली ठेवलं. आमी पोचलो तं तिच्या तोंडातून गुलाबी फेस येऊन राह्यला होता, डाक्टर लोकायनं नळी घातली होती, डाक्टरीणबाई तिच्या छातीवर दोन्ही हातानं दाबून राह्यली होती. बराच येळ दाबलं. मंग हात काढले. डाक्टरीणबाईचे केस सुटले होते, ते तिनं बांधले आन् आमच्याकडं आली. मी तिले म्हणलं, "बाई, तुमी जेवल्या का जी?" काऊन विचारलं ते मले आजबी माईत नाई. आचाऱ्याले दुसरं काई विचारता येत नाई. ती म्हणे, "नाही, बाबा." आन् रडली.

तेरवी देवळीकडं, तिच्या सासरी. मी म्हणलं, स्वयंपाक मी करीन. इहीणबाई म्हणे, "इवाई, तुमी बसा. दुसरा आचारी पाह्यतो." मी म्हणलं, "तिले दुसऱ्याच्या हातचं नाई चालत जी." बायको नाई आली. ती वर्धेलेच राह्यली, काचेच्या पेटीपाशी. बारीक पोट्टीचं वजन वाढलं नव्हतं, डाक्टर पाहू म्हणून राह्यले होते.

भट्टी मांडली, गंज चढवला. साथीदार आलता. त्यानं लाकडं लावली. वडे, भात, वांग्याची भाजी, कढी. भट्टीच्या बाजूले एक वीट रिकामी पडली होती, मी ती उचलून चुलीले टेकण म्हणून लावली. कढी उकळाले लागली. चाखाचं तं नव्हतंच. मी हात आडवा धरला गंजावर, पण तो हात काई म्हणतच नव्हता. थांब नाई म्हणे आन् टाक नाई म्हणे. वाफ आली डोयात. मंग पान वाढलं, तिच्या वाट्याचं, जवायानं नेऊन बाहेर ठेवलं. बराच येळ कावळा नाई आला. मंग आला.

पंगत बसली. साऱ्या गावायचे लोक होते, आर्वीचे, देवळीचे, वर्धेचे, माह्या हातचं खाऊन माहावर हासणारे. त्या लग्नातले, मिठाच्या नावानं नारे देणारेबी तठीच बसले होते. मी पडद्यामांगं उभा राह्यलो, आवाज येईन म्हणून. पत्रावळीचा आवाज येऊन राह्यला होता, पाणी ओतल्याचा. बस. वाढप्यानं कढी फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली. इहीणबाईनं भात कालवला, कढीत भिजवला, पत्रावळ पुसून खाल्ली.

शेवटच्या पंगतीले साथीदार बसला. मी त्याले वाढली. त्यानं भुरका मारला, माह्याकडं पाह्यलं, आन् वाटी पुढं केली.

"अजून वाढ," तो म्हणे.

मी वाढली. मंग उरली ती मी आपल्या वाटीत घेतली आन् भट्टीपाशी बसून प्यालो. जीभ माही गेलेलीच होती, तिनं काई सांगतलं नाई. पण तेरवीसाठी आणलेला मिठाचा पुडा तठीच होता, लाकडाच्या मांगं, त्याचा दोरा कोणी सोडलाच नव्हता.